लंगडी ढेकी

"दोरी कापली तर हाड हालन. अन् हाड हाललं तर मी तुमचा हात मोडीन, सांगून ठेवतो," असं म्हणत मारोतीने डॉक्टरांचं मनगट धरलं, तेव्हा त्याच्या धाकट्या भावाच्या डाव्या पायाची बोटं पिकल्या जांभळासारखी काळी पडली होती.

भावाचं नाव इस्तारी. त्याला नुकतंच बैलगाडीतून उतरवून दवाखान्याच्या ओसरीवर निजवलं होतं. मांडीपासून घोट्यापर्यंत बांबूच्या कामट्या, आणि त्यांच्यावरून पळसाच्या मुळांची दोरी इतकी आवळलेली, की दोन वेढ्यांमधलं मांस फुगून वर आलं होतं. मी त्याच्या अंगठ्याला नख टोचलं.

"दुखते?"

"नाई जी. सकाळी लय ठणकत होता. आता बरं आहे."

"आइकलं?" मारोती म्हणाला. "बरं आहे म्हणते तो."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. दुखणारा पाय जिवंत असतो. बोटं काळी पडली आणि दुखणं बंद झालं, की पाय मरायला लागलेला असतो, आणि त्याच्यामागून माणूस. डॉक्टरांनी मारोतीला समजावलं, मग रागावले. मारोती जंगलात लाकूड तोडणारा गडी, त्याने मनगट काही सोडलं नाही. सोबत आलेले लोक काठ्या घेऊन पायऱ्यांवर उभे झाले. डॉक्टरांनी दुसऱ्या हाताने कात्री चालवून पाहिली, पण दोरी वाळून लाकूड झाली होती. कात्री नुसती घसरत होती.

मी मारोतीला विचारलं, "भाऊ, तू घराचा कुड कोनत्या दोरीनं बांधते?"

"हे का इचाराची येळ आहे? पळसाच्या मुळीच्या."

"ओल्या का वाळल्या?"

"ओल्या. वाळल्यावर आवळते ना बाई ते..."

त्याने भावाच्या पायाकडे पाहिलं आणि डॉक्टरांचं मनगट सोडून दिलं.

गवताचा भारा फाटकाशी टाकून एक बाई लेकराचं औषध न्यायला आली होती. तिच्या कमरेचा विळा मी घेतला. पाय मी धरला, डॉक्टरांनी कापलं. शेवटचा वेढा सुटला आणि थोड्या वेळाने इस्तारी असा ओरडला की गाडीचे बैल बुजले. ते ऐकून डॉक्टर हसले. मारोतीला वाटलं असेल, हा माणूस आहे का राक्षस. पण आम्हाला तेच ओरडणं ऐकायचं होतं.

झालं होतं ते असं. इस्तारी शंकरपटाचा धुरकरी होता. ज्यांनी पट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. हलका छकडा, त्याला दोन बैल, आणि वर एकटा धुरकरी. सरळ मैदानात जोडी सोडायची, जी आधी पोचेल ती जिंकली. बैल इतके धावतात की छकड्याची चाकं अर्धा वेळ जमिनीला लागत नाहीत. त्या पौषात इस्तारीचा छकडा उलटला, पाय चाकाखाली आला आणि नडगी मोडली. जवळच्या गोंड टोल्यावरचा, गोंडांच्या वस्तीवरचा, कोमा पुजारी हाडं बसवायचा. त्याने हाड बसवून दिलं, कामट्या लावल्या, चिंध्यांनी सैल बांधलं आणि सांगितलं, कातडी फाटली आहे, दवाखान्यात न्या. कोमाच्या हाताला आमचे डॉक्टरही नावं ठेवत नसत. पण रस्ता खड्ड्यांचा. गाडीत पाय हलू नये म्हणून मारोतीने वरून आपली दोरी आवळली, रात्रभर भिजवलेली. कुड बांधावा तसा त्याने भाऊ बांधला. सकाळपासून दुपारपर्यंत ऊन लागलं, दोरीने आपलं काम केलं.

मी त्या दवाखान्यात आया होते. लोक मला नरसबाई म्हणत, पण नर्स मी नव्हते, माझ्या चार इयत्ता झाल्या होत्या. झाडणं, पाणी उकळणं, पट्ट्या धुणं, पेशंट धरणं, ही माझी कामं. दवाखाना वैनगंगेच्या काठच्या एका खेड्यात होता. आता गडचिरोली वेगळा जिल्हा आहे. तेव्हा सगळा मिळून चांदाच, म्हणजे आजचं चंद्रपूर, आणि चांदा मध्यप्रदेशात. मोठा दवाखाना गाठायचा तर नदी, मग बैलगाडी, मग मिळाली तर मोटार.

धान घरात आलं की आमच्या झाडीतले पुरुष पिसाळतात. मंडईची जत्रा, दंडारीचं रात्रभर नाचगाणं, हुतूतू, कुस्ती, पट. पावसाळ्यात दवाखाना तापाने भरायचा, हिवाळ्यात खेळाने. सुजलेले घोटे, फिरलेले गुडघे, उतरलेले खांदे. तेव्हाचा उपाय एकच होता, करकचून पट्टी बांधा आणि निजून राहा. आमचे डॉक्टर लढाईच्या वेळी फौजेत होते. तिथे त्यांनी जखमी शिपायांकडून कवायतीसारखा व्यायाम करून घेताना पाहिलं होतं. त्यांचं म्हणणं, मुरगळलेला पाय निजवला की आखडतो, हलवला की लवकर सुटतो. पण नुसतं म्हणून त्यांचं समाधान होत नव्हतं. त्यांना ते पारखून पाहायचं होतं.

म्हणून त्यांनी त्या हिवाळ्यात नदीची वाटणी केली. अलीकडच्या काठाच्या लोकांना पट्टी आणि आराम. पलीकडच्या काठाच्या लोकांना दुसऱ्या दिवसापासून व्यायाम: घोटा वरखाली करा, गुडघा वाकवा, उभे राहा, चाला. कोण आधी बरं होतं ते बघायचं. आणि बघायला जायचं मी, कारण मी ढिवराची, नदीवर मासे धरणाऱ्याची पोर, डोंगा मला वल्हवता येत होता.

मी गेले आणि काय पाहिलं? अलीकडे ज्याला महिनाभर हलू नको म्हटलं होतं, तो शिंदीच्या झाडावर चढलेला. खालून हाक मारली.

"काय जी, आराम चालू आहे का?"

"होय ना बाई. झाडावर बसूनच तर आहो मी."

पलीकडे एक हुतूतूवाला. त्याला रोज गुडघा वाकवायला सांगितलं होतं. तो खाटेवर बिडी ओढत निजलेला आणि त्याची बायको घाम गाळत त्याचा गुडघा वाकवून राहिली होती.

"तू काऊन करून राह्यली?" मी तिला विचारलं.

"डॉक्टरनं सांगतलं रोज वाकवाचा. हा म्हणते, मले तर निजाचं आहे, तू वाकव."

आणखी एकाने पट्टी सोडलीच नव्हती, कारण पट्टी दिसली की सासरची मंडळी कोंबडा घेऊन भेटायला येत. मी परत येऊन सगळं सांगितलं. डॉक्टरांनी डोक्याला हात लावला.

"म्हणजे ज्यांना निजवलं ते चालले, आणि ज्यांना चालवलं ते निजले?"

"हो जी."

"आता मी लिहू काय?"

"लिवा, का लोक आइकत नाई."

ते खूप हसले. पण त्यांनी हेही पाहिलं, की चोरून कामाला लागलेले लवकर बरे झाले होते आणि कोंबडे खाणारे अजून लंगडत होते. तेव्हापासून आमच्याकडे मुरगळलेल्याला आराम सांगणं बंद झालं. नुसता व्यायाम सांगणंही बंद झालं. ज्याच्या त्याच्या धंद्यात बसेल असं काही तरी द्यायचं, असं ठरलं.

त्यात बाजारातले शिंपीचाचा पहिले. वय झालेलं, तरी पुतण्याला कुस्तीचा डाव दाखवायला उतरले आणि खांदा उतरवून आले. डॉक्टरांनी खांदा बसवला. पुढे हात वर जाईना. त्यांना सांगितलं, भिंतीजवळ उभे राहा, बोटांनी भिंतीवर चढत जा, जिथवर पोचाल तिथे तुमच्या कापडावरच्या खडूने खूण करा. खुणा रोज वर चढू लागल्या. चाचा गिऱ्हाईकाला कपडा दाखवण्याआधी भिंत दाखवत. एक दिवस दवाखान्यात तणतणत आले, मागून चाची.

"बाई, इसने मेरा कंधा मिटा दिया!"

ईद आली म्हणून चाचीने दुकानाला चुना मारला होता.

"दीवार काली हो गयी थी," चाची म्हणाली. "दर्जी का दुकान है या मदरसे का फळा?"

"आता फिरून करा," मी म्हटलं. "नवी भिंत, नव्या खुणा."

त्यांनी केल्या. पहिलीच खूण जुन्या खुणांच्या वर निघाली, असं चाचा शपथेवर सांगत.

पण माझा जीव होता इस्तारीच्या पायात.

दोरी कापल्यानंतर ताप चढला. सुया चालू होत्या, जखम धुणं चालू होतं. दोन बोटं काही पुन्हा रंगावर आली नाहीत, ती डॉक्टरांनी काढली. मग म्हणाले, ताप उतरला नाही तर चांद्याला नेऊन पाय गुडघ्यातून कापावा लागेल. इस्तारीने ऐकलं.

"पाय कापाचा असन तर मले नदीत सोडून द्या."

त्याची बायको ताना उशाशी बसली होती. बारीक बाई, जीभ मोठी. "नदीपावतर तुले उचलन कोन? दुसरा पाय आहे ना, त्यानं चालत जाय."

मारोती बाहेर झाडाखाली नुसता बसून असायचा. जेवायचा नाही. मी त्याला कुऱ्हाड दिली आणि पाणी उकळायला लाकडं फोडायला लावली. त्या दिवसांत आमच्याकडे जितकी लाकडं झाली तितकी पुढे कधी झाली नाहीत.

ताप उतरला. पाय राहिला. हाड जुळलं आणि फाल्गुनात कामट्या निघाल्या. तेव्हा खरी कटकट सुरू झाली. गुडघा सरळच्या सरळ, वाकेना. पाऊल खाली लोंबलेलं, उचलेना. पिंढरी माझ्या मनगटाएवढी. डॉक्टर म्हणाले, आता हा पाय त्याच्या हातात आहे. आषाढापर्यंत पाऊल उचललं नाही तर हा चिखलात नांगरामागे चालू शकणार नाही, मग पटाचं तर सोडाच. त्यांनी स्वतः खाली बसून व्यायाम दाखवला. पाऊल दाबा, पाऊल ओढा, गुडघा वाकवा, सरळ करा.

मी गावी जाऊन पाहिलं तर इस्तारी भिंतीला टेकून बसलेला.

"केलं का?"

"हे का लेकराचं खेळनं आहे बाई? निजल्या निजल्या पाय हालवाचा. लोक हासतेत."

घराच्या मागच्या पडवीत ताना धान कुटत होती. आता गिरण्या आल्या, म्हणून सांगते. ढेकी म्हणजे लांब जड लाकूड. पुढच्या टोकाला मुसळ, त्याखाली दगडी उखळात धान. बाईने मागे उभं राहून वरचा दांडा धरायचा आणि पायाने लाकडाचं शेपूट दाबायचं. मुसळ वर जातं. पाय उचलायचा, मुसळ पडतं, धप्प. मी तानाच्या पायाकडे बघत राहिले. पाऊल दाबते, पाऊल ओढते, गुडघा वाकतो, सरळ होतो. सगळी डॉक्टरांची कवायत.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी खुर्चीवरच आपला पाय हवेत चालवून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत डोंग्यात बसले. तानाच्या ढेकीवर स्वतः उभे राहिले. मुसळ एकदा पडलं, दुसऱ्यांदा मधेच अडकलं, आणि शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून पळाल्या. पण ते म्हणाले, "बरोबर आहे. हेच करायचं. डाव्या पायाने."

इस्तारी खवळला. "बायकाची ढेकी कुटू मी? धुरकरी आहो मी!"

"कोनाचा धुरकरी?" ताना म्हणाली. "बैल तर मारोतीभाऊ चारून राह्यले."

"डॉक्टरानं कुटली ना," मी म्हटलं.

"त्याइले का होते? ते परगावचे. मले याच गावात राहाचं आहे."

खरंच होतं ते. आमच्याकडे पुरुष ढेकीला पाय लावत नव्हता. लावला असता तर त्याच्या नातवालाही ऐकावं लागलं असतं. मी भांडले, उपयोग झाला नाही. शेवटी मारोती उठला. बांबूचे तट्टे आणले आणि पडवी चारी बाजूंनी बंद करून टाकली. या वेळी दोरी वाळलेली वापरली, ते मी पाहिलं. मग भावाला काखेत धरून आत नेलं आणि दांड्याशी उभं केलं.

"कुट," तो म्हणाला. "कोनी दिसत नाई."

दिसत नव्हतं, पण ढेकीला आवाज असतो हे दोघेही भाऊ विसरले. पुरुषच ते. आमच्याकडच्या बायकांना गावात कोणाची ढेकी चालली आहे हे पांघरुणातून कळायचं. चांगल्या हाताची, म्हणजे चांगल्या पायाची, ढेकी सारखी वाजते. इस्तारीची वाजायची धप्प, मग एवढं अंतर की मधे माणूस चुलीवर भाकर टाकून येईल, मग अर्धवट धप. विहिरीवर तानाला विचारू लागल्या.

"ताने, तुमची ढेकी लंगडून राह्यली का व?"

"होय ना," ताना म्हणाली. "लंगड्यालेच कामाले लावलं. तुमच्या घरचा धडधाकट काय करते? खाटेवरच आहे का अजून?"

बायकांनी आपापल्या घागरी उचलल्या.

मला मात्र त्या आवाजाने फार सोय झाली. नदीच्या काठाला डोंगा लावला की मला बसल्या जागी पेशंटची हालत कळायची. एकदा आवाज अचानक भारी आणि बरोबर आला. मी रस्त्यावरूनच ओरडले, "इस्तारी! उजवा नको, डावा लाव!" आतून आवाज बंद. मग पुन्हा धप्प, आणि लांब थांबणं. पुढे तो सांगायचा, की तट्ट्याच्या आरपार पाहणारी बाई त्याने एकच पाहिली. चैत्र गेला, वैशाख गेला. पाय सुजायचा, तो शिव्या द्यायचा, मलाही द्यायचा. मधे काही दिवस ढेकी बंदच पडली. तेव्हा कोमा पुजारी काठी टेकत आला आणि तट्ट्याबाहेर उकिडवा बसला.

"मी हाड बसवलं," तो आत बघून म्हणाला. "चालवनं माझ्या हातात नाई. तुले बसाचंच असन तर सांग, मी हाड फिरून मोडून देतो. कमीत कमी कारन तरी राहीन."

ढेकी सुरू झाली.

ज्येष्ठात, पाऊस यायच्या आधी, मी डोंगा लावला आणि आवाज ऐकला. सारखा. धप्प, धप्प, धप्प, एकसुरात. मला राग आला. एक तर हा उजवा पाय लावून राहिला, नाही तर ताना त्याच्या नावाने कुटून राहिली. मी तणतणत घराशी पोचले. ताना अंगणात सुपात तांदूळ निवडत बसली होती.

"मंग आत कोन आहे?"

ती नुसती हसली. मी तट्टा बाजूला सारला. इस्तारी दांड्याला धरून उभा, घामाने निथळलेला, आणि खाली डावा पाय, तीन बोटांचा, ढेकीच्या शेपटावर.

"आता का बोलन नरसबाई?" त्याने न थांबता विचारलं.

"काही नाई. धान जास्त कुटू नको, कण्या होतेत," मी म्हटलं आणि डोंग्याकडे परत गेले.

आषाढात तो चिखलात बैलांमागे चालला. पाऊल थोडं फेकत चालायचा, पण चालायचा. पुढच्या पौषात पटावरही गेला. डॉक्टर नको म्हणाले, मी नको म्हणाले, तानाने तर छकड्याचं जू लपवून ठेवलं होतं. तो गेला आणि हरला. जोडी थांबली तेव्हा खाली उतरला आणि लोकांच्या समोरून बैलांना पाण्यावर घेऊन गेला, आपल्या पायांनी.

डॉक्टरांनी हे सगळं नागपूरच्या एका सभेत सांगितलं. परत आल्यावर म्हणाले, ढेकी म्हणजे काय हे समजावण्यातच माझा वेळ संपला. मला त्याचं वाईट वाटतं. चांगलं काम होतं. दुसऱ्या कोणा पायाच्या उपयोगी पडलं असतं.

दुसरं वाईट वाटतं ते तानाचं. तिचा गुडघा लग्नानंतरच्या ढेकीनेच धरला होता, हे मला फार उशिरा कळलं, कारण तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पटात मोडलेला पाय दवाखान्यात यायचा. चिखलात वाकून धान रोवण्यात आणि ढेकीवर गेलेले बाईचे सांधे यायचे नाहीत. त्याला कोणी दुखापत म्हणत नव्हतं. त्या उन्हाळ्यात इस्तारी कुटत होता, म्हणून तानाचा पाय आयता निजला आणि बरा झाला. डॉक्टरांना नदीच्या दोन काठांवर ज्या दोन तुकड्या मिळाल्या नाहीत, त्या त्या एका घरात होत्या. आम्ही त्यातली एकच बघत होतो. त्यानंतर मी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक बाईला, मग ती ताप घेऊन येवो का लेकरू, गुडघा दाखव म्हणायचे. काही चिडायच्या. बहुतेक दाखवायच्या.

पाय बरा झाल्यावर घरातली ढेकी परत तानाकडे जाईल असं मला वाटलं होतं. ती अर्धीच गेली. अर्धं धान इस्तारी कुटायचा, तट्टे काढून, उघड्यावर. कोणी हसलं तर म्हणायचा, डॉक्टरचं औषध आहे, बंद केलं तर पाय आखडते. डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं.

डॉक्टर पुढे बदलून गेले आणि काही वर्षांनी वारल्याचं कळलं. कोमा पुजारी म्हातारपणाने गेला. शिंपीचाचा गेले, त्यांच्या दुकानाची भिंतही गेली. मारोतीवर जंगलात सागाचं झाड पडलं, तो दवाखान्यापर्यंत आलाच नाही. ताना आहे. इस्तारी आहे, डाव्या पायाला तीन बोटं आहेत.